इकोटॉक्स : रसायनांच्या विषारीपणाच्या नोंदींचे भांडार

रसायनांचा जलचर व भूचर सजीवांवर होणारा परिणाम तपासणाऱ्या प्रयोगांच्या नोंदींचे ‘इकोटॉक्स’ हे भांडार अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था चालवते. मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथील तिच्या प्रयोगशाळेशी ते निगडित असून या कामास १९८०च्या दशकात आरंभ झाला. आज त्यात १२ हजारांहून अधिक रसायनांविषयीच्या १० लाखांहून अधिक नोंदी आहेत. त्या कोणासही विनामूल्य पाहता येतात.

प्रसिद्ध झालेला प्रत्येक शोधनिबंध या भांडारात स्वीकारला जात नाही. चाचणी एकाच रसायनाची असावी, सजीवाची जाती निश्चित असावी, रसायनाची मात्रा व संपर्काचा काळ नमूद असावा आणि तुलनेसाठी रसायनाविना ठेवलेला गट असावा, अशा कसोट्या लावल्या जातात. पात्र निबंधांतील तपशील मग ठरावीक परिभाषेत नोंदवला जातो.

या काटेकोरपणास कारण आहे. निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा माशांसाठी सहसा ९६ तासांच्या, तर डॅफ्निया या सूक्ष्म जलचरासाठी ४८ तासांच्या चाचणीतून काढतात. काळ ठाऊक नसल्यास दोन आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. तांबे दुष्फेन पाण्यापेक्षा सुफेन पाण्यात माशांना अधिक घातक असते. त्यामुळे दुष्फेन पाण्यातील चाचणीवरून ठरवलेली मर्यादा सुफेन पाण्याच्या नदीस लावल्यास तेथील मासे सुरक्षित राहतीलच असे नाही.

भांडार स्वतः मर्यादा ठरवत नाही; ती ठरवणाऱ्यास आकड्यामागील परिस्थिती दाखवते.