फ्रेंच राज्यक्रांति आणि आपले कंपू

२३ ऑगस्ट १७९३ रोजीं पॅरिसच्या राष्ट्रीय परिषदेनें ठराव केला कीं, शत्रु देशाबाहेर जाईपर्यंत प्रत्येक फ्रेंच मनुष्य सैन्याच्या सेवेस बांधलेला आहे. तरुणांनीं लढावें, विवाहितांनीं शस्त्रें घडवावीं, स्त्रियांनीं तंबू शिवावे. राजाची फौज राष्ट्राची झाली ती अशी.

त्याच काळीं महादजी शिंद्यांच्या पदरीं डी बॉयननें उभारलेले कवायती कंपू उत्तर हिंदुस्थान गाजवीत होते. बंदुका, तोफा, कवायत, ही युरोपची युद्धविद्या आपण उचलली. राज्य हें शिपायाचेंही आहे, ही कल्पना मात्र उचलली नाहीं. म्हणून १७९३ सालींच लाखेरीस शिंदे व होळकर यांचे कंपू एकमेकांवर तुटून पडले; दोघेही पेशव्यांचेच सरदार! पुढें १८०३ सालीं इंग्रजांनीं आमिष दाखवितांच शिंद्यांचे कित्येक गोरे अंमलदार नोकरी सोडून गेले. खुद्द सेनापति पेराँ दिल्लीच्या लढाईपूर्वींच इंग्रजांच्या आश्रयास गेला.

शौर्याची वाण नव्हती. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांत पुष्कळ गोलंदाज आपल्या तोफांपाशींच कापले गेले. परंतु कवायत पगार देऊन आणतां येते. राष्ट्रभावना घरींच रुजवावी लागते.