मालवाहू विमान जुनं म्हणजे धोक्याचं का?

आपल्या कितीतरी घरांतली माणसं दुबई, दोहा, मस्कतला कामाला आहेत. तिकडून पार्सल येतं, इकडून आंबे-मसाले जातात. यातला काही माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो, तर काही निव्वळ मालवाहू विमानातून. ही विमानं भरवशाची आहेत का? आपण तीन अपघात पाहू.

लुईव्हिल, अमेरिका, ४ नोव्हेंबर २०२५ : यूपीएसचं एमडी-११ विमान उडतानाच डावं इंजिन पंखापासून तुटलं. विमानातले तिघेही आणि जमिनीवरची दहाहून जास्त माणसं गेली. विमान ३४ वर्षांचं होतं. आधी प्रवासी, मग मालवाहू. इंजिन पंखाला धरून ठेवणाऱ्या जोडात भेगा सापडल्या.

ॲमस्टरडॅम, ४ ऑक्टोबर १९९२ : एल अलच्या मालवाहू बोईंग ७४७ चं एक इंजिन तुटलं आणि शेजारचं दुसरंही घेऊन पडलं. विमान रहिवासी इमारतींवर कोसळलं, ४३ जण गेले. हे विमान जेमतेम १३ वर्षांचं होतं. इथंही इंजिनाच्या जोडातली पिन थकली होती.

दुबई, ३ सप्टेंबर २०१० : यूपीएसच्या ७४७ मध्ये मालाला आग लागली, दोन्ही वैमानिक गेले. विमान फक्त तीन वर्षांचं! मालात लिथियम बॅटऱ्या होत्या.

मग वयाचा अर्थ काय?

तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका जागी तुटते, तसंच विमानाच्या धातूचं होतं. प्रत्येक उड्डाणात आणि उतरण्यात त्यावर ताण येतो आणि बारीक भेग हळूहळू वाढते. म्हणून नुसती वर्षं मोजून भागत नाही. किती उड्डाणं झाली, किती तास झाले, हेही मोजतात. दमट, खाऱ्या हवेत गंज चढतो तो वेगळाच.

जुन्या प्रवासी विमानाच्या खुर्च्या काढून, बाजूला मोठा दरवाजा कापून आणि जमीन मजबूत करून त्याचं मालवाहू विमान करतात. काही वर्षांनी एकदा विमान जवळजवळ पूर्ण उघडून तपासतात. डोळ्यांना न दिसणारी भेग शोधायला खास यंत्रं लागतात. भेग वेळेत सापडली तर भाग बदलता येतो. राहून गेली तर काय होतं, ते वर पाहिलंच.

आपल्या हातात काय?

विमानाची तपासणी आपल्या हातात नाही, पण पार्सल आहे. दुबईच्या अपघातानं दाखवलं की नव्या विमानालाही माल बुडवू शकतो. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवायला बंदी आहे. म्हणून पार्सलमध्ये काय आहे ते खरं लिहा, कपड्यांत बॅटरी लपवू नका. स्वतः प्रवास करताना पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा. त्या विमानात कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी बाप बसलेला असतो.