तळटीप : मास्टर-फॉलोअर

मास्टर-फॉलोअर : समांतर जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरचे टॅप एकाच वेळी हलवण्याची पद्धत. नवी मुंबईच्या वीजपुरवठ्यात महत्त्वाच्या असलेल्या कळवा आणि खारघर येथील महापारेषणच्या ४०० केव्ही उपकेंद्रांत एकाहून अधिक ट्रान्सफॉर्मर भार वाटून घेतात. भार वाढला की व्होल्टेज उतरते. अशा वेळी पुरवठा न तोडता वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करतो तो ऑन-लोड टॅप चेंजर. रेझिस्टरच्या साहाय्याने चालणाऱ्या टॅप चेंजरचे पेटंट बर्नहार्ड यान्सेन यांनी जर्मनीत १९२७ साली घेतले.

अशा दोन ट्रान्सफॉर्मरचे टॅप हलवणारे रिले स्वतंत्र ठेवले, तर सेटिंगमधल्या किरकोळ फरकानेही एक टॅप वर आणि दुसरा खाली सरकत जातो. बसवरचे व्होल्टेज मात्र ठीकच दिसते, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून काही कळत नाही. दोघांत फिरता प्रवाह खेळू लागतो, तो ग्राहकाच्या कामाचा नसतो आणि वाइंडिंग फुकट तापते. समजा, प्रत्येकाचा इम्पीडन्स १२.५ टक्के आणि टॅपची पायरी १.२५ टक्के आहे. मग एका पायरीच्या फरकाने पूर्ण भाराच्या सुमारे ५ टक्के, तर चार पायऱ्यांच्या फरकाने २० टक्के प्रवाह नुसता फिरत राहतो. म्हणून एकाला मास्टर नेमतात, बाकीचे त्याच्यामागे त्याच टॅपवर जातात. कोणी मागे राहिला की ‘आउट ऑफ स्टेप’ अलार्म वाजतो. ट्रान्सफॉर्मर एकसारखे नसतील, तर ही पद्धत वापरू नये. तेथे फिरता प्रवाह मोजून तो कमीत कमी ठेवणारा रिले लावतात.