लेखक, शिळा आणि यंत्र : सातारा-मिरज प्रांतांतील लेखनवृत्तीचीं स्थित्यंतरें

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणारांस शेवटच्या पानावरील दोन श्लोक इतके परिचित असतात कीं, ते न वाचतांच पान उलटलें जातें. एकांत लेखक सांगतो कीं, पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टि खिळवून हा ग्रंथ कष्टानें लिहिला आहे, तरी तो यत्नानें जपावा. दुसऱ्यांत तो म्हणतो कीं, जसें पुस्तक पाहिलें तसें उतरिलें. शुद्धाशुद्धाचा दोष मजकडे नाहीं. हे श्लोक सांकेतिक आहेत, व ते लिहिणारांपैकीं कित्येकांस त्यांचा अर्थही कळत नसावा. तथापि लेखनाच्या धंद्याचीं दोन्ही अंगें त्यांत आलीं आहेत : शरीराचे कष्ट आणि चुकीची जबाबदारी. अलीकडे मोडी वाचणारीं यंत्रें तयार होऊं लागल्यामुळें हीं दोन्ही अंगें पुन्हां विचारांत घेणें प्राप्त झालें आहे. सातारा आणि सांगली यांचा विचार येथें एकत्र केला आहे. १९४९ मध्यें साताऱ्यांतून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्यें त्यासच सांगली हें नांव मिळालें. दोहोंकडील दप्तरांचा संबंध तर त्याहून पुष्कळच जुना आहे.

लेखन ही येथें वंशपरंपरेची वृत्ति होती. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी, त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ, आणि त्याच घराण्यांत पुढें साताऱ्यास बखर लिहिणारे मल्हार रामराव, ही परंपरा वाचकांस ठाऊकच आहे. चिटणिसीखालीं असंख्य कारकून असत. आधीं शिरोरेषा ओढून तिच्याखालीं लेखणी शक्य तितकी न उचलतां अक्षरें गुंफीत जाण्याचा सराव लहानपणापासून करावा लागे. वळण हेंच कारकुनाचें भांडवल होतें.

या भांडवलास पहिला धक्का मिरजेंत बसावा, ही लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे. पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रेरणेनें नाना फडणिसांच्या आश्रयाखालीं एका तांबटास तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरें कोरण्याची विद्या साध्य झाली. काम भगवद्गीतेचें होतें. १८०० मध्यें नाना वारले आणि तें अर्धवट राहिलें. पुढें तो कारागीर मिरजेस गेला व गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयानें १८०५ मध्यें गीता छापून निघाली. त्याच वर्षीं बंगाल्यांतील श्रीरामपुरास विल्यम केरीचें मराठी व्याकरण खिळ्यांनीं छापलें गेलें. दोहोंतील फरक मोठा आहे. श्रीरामपुरचा खिळा एकदां ओतला कीं कोणत्याही ग्रंथास चालतो. मिरजेचा पत्रा एकाच पानाचा, आणि त्यावर प्रत्येक अक्षर उलटें कोरलेलें. म्हणजे मिरजेस लेखकाची जागा यंत्रानें नव्हे, तर दुसऱ्या कारागिरानें घेतली. भांडीं घडविणाऱ्या तांबटास ग्रंथलेखकाचें काम आलें आणि लेखकाच्या मुलास मात्र त्यापासून कांहीं शिकतां आलें नाहीं. या गीतेचें कौतुक करितांना ही बाजू कोणी मांडलेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

शिळाछापानें चित्र पुन्हां पालटलें. १८३१ मध्यें मुंबईस गणपत कृष्णाजींनीं पंचांग छापिलें तें शिळेवर. शिळेस हाताचें अक्षर लागतें. चरबीच्या शाईनें लिहिलेला कागद दगडावर उठविला कीं एकाच्या हातच्या शेंकडों प्रती निघतात. त्यामुळें ज्याचें वळण उत्तम, त्याचा मान कांहीं काळ वाढलाच, आणि ज्याचें सामान्य, त्याचें काम गेलें. शिळाछापाच्या पोथ्या हस्तलिखिताशीं इतक्या जुळतात कीं आजही विकणारे त्या हस्तलिखित म्हणून पुढें करितात. नंतर ओतीव खिळे स्वस्त झाले, तेव्हां वळणाची गरज संपली व त्याच्या जागीं खिळे जुळविणारा जुळारी आला. केरीचा १८१० चा कोश मोडी खिळ्यांत निघाला होता, तरी छापखान्यानें शेवटीं बालबोध पसंत केलें आणि मोडी दप्तरांपुरती उरली.

या उरलेल्या मोडीस जीवनदान देणारे पुरुषही याच प्रांतांतले. वाईस सांपडलेल्या कागदांवरून राजवाडे यांचा पहिला खंड १८९८ मध्यें निघाला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे हे हायस्कुलांत संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळांत पटवर्धनांचें दप्तर वाचून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे भाग काढीत. साताऱ्यास पारसनीसांचा संग्रह झाला. हें काम कोणाच्या पगारावर चाललें नाहीं. पण जुन्या पोथीच्या लेखकानें जो दोष झटकला होता, तो या मंडळींनीं आपल्या माथीं घेतला. मुखपृष्ठावर नांव त्यांचें. वाचन चुकलें तर टीका त्यांच्यावर. वाळवीनें खाल्लेल्या जागीं टिंबें देण्याची शिस्त याच जबाबदारींतून आली.

पुढें शाळांतून मोडी गेली. १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें रद्द झालीं व गांवोगांवचा मोडी लिहिणारा संपला. २०१८ पासून सातबारा डिजिटल स्वाक्षरीनें मिळूं लागल्यावर तलाठ्याच्या अक्षराचीही गरज उरली नाहीं. मोडी वाचन ही हौस ठरली होती. इतक्यांत २०२३ मध्यें कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्या. संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, आणि कचेऱ्यांच्या अभिलेखागारांतले रुमाल वाचण्यास माणसें शोधण्याची पाळी सरकारवर आली. एका शब्दाच्या वाचनावर एका कुटुंबाचा दाखला अवलंबूं लागला. अशी किंमत मोडी वाचकास पेशवाईनंतर क्वचितच आली असेल!

आणि याच वेळीं यंत्र आलें. २०२५ मध्यें रुरकीच्या आयआयटींतील संशोधकांनीं मोडी कागदांचीं २,०४३ चित्रें त्यांच्या देवनागरी लिप्यंतरासह प्रसिद्ध केलीं आणि त्यांवर शिकविलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची एक रचना मांडली. त्यांत शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन वळणें आहेत. उद्योग स्तुत्य आहे. तथापि मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत, ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहींत, अनुस्वार गाळतात. समजा, निवाड्यांत ‘वहिवाट करुनदेणे’ असें आहे. ‘करून देणें’ वाचलें तर वहिवाट मिळते; ‘करूं न देणें’ वाचलें तर ती जाते. जाणता वाचक मागची-पुढची ओळ पाहतो, आणि कागद फाटलेला असल्यास दोन्ही पाठ देऊन थांबतो. यंत्राचा स्वभाव मात्र अधिक संभवनीय पाठ घेऊन पुढें जाण्याचा. तें टिंबें देत नाहीं. भोंक पडलेल्या जागीं सुबोध मराठी लिहितें. वाक्य जितकें सफाईदार, तितका आमचा संशय अधिक.

यंत्र नको असें आमचें म्हणणें नाहीं. हजारों रुमालांतून कोणता कागद कोणत्या सालचा, कोणत्या गांवचा, एवढें जरी त्यानें लावून दिलें तरी कित्येकांचे डोळे वांचतील. आमची चिंता दुसरी आहे. नवा वाचक सोप्या कागदांवर तयार होतो. खतें, पावत्या, ताळेबंद हीच त्याची शाळा. तें सोपें काम यंत्राकडे गेलें तर अवघड कागदाचा वाचक कोठें तयार व्हावयाचा? शिवाय वाचकाचा तपासनीस झाला कीं दिवसास दहा कागदांच्या जागीं शंभरांची अपेक्षा होणार, मोबदला मात्र वाचनाहून कमी ठरणार. पाठ-कंबर मोडण्याचे कष्ट तेच राहतील, फक्त धुळीच्या कागदाऐवजीं उजळ पडदा येईल. आणि चुकीचा दोष कोणाचा, हा जुना प्रश्न तर जागेवरच आहे. यंत्र तो घेत नाहीं, तपासनिसाचें नांव कोठें छापलें जात नाहीं.

म्हणून वाई, सातारा, मिरज व सांगली येथील ज्या घराण्यांकडे व संग्राहकांकडे अद्याप दप्तरें आहेत, त्यांस आमची विनंती आहे. यंत्रवाचनासाठीं चित्रें अवश्य द्यावीं, मूळ कागद हातचे सोडूं नयेत, आणि रुमालांतला एक भाग शिकाऊ वाचकांसाठीं राखून ठेवावा. छापतांना प्रत्येक लिप्यंतराखालीं पूर्वीच्या पोथीसारखी पुष्पिका असावी : वाचन यंत्रानें झालें कीं हातानें, तपासलें कोणीं, कोणत्या गांवीं व कोणत्या तिथीस, संशयाचे पाठ कोणते, आणि कागद जेथें फाटला आहे तेथें टिंबें.