क्रोशाचा एक चौकोन



बरेच दिवस काही लिहिलं नाही, त्याबद्दल दोन-तीन जणांनी फोन करून चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे. हातात क्रोशाची सुई होती, एवढंच. वीसेक वर्षांनी घेतली, त्यामुळे बोटं आधी रुसून बसली होती.

झालं असं. माझी लेक आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात असते, हे तुम्हा बहुतेकांना ठाऊक आहेच. नातीच्या शाळेने २०२५ च्या जानेवारीत एक टूम काढली. प्रत्येक घराने आठ इंचांचा एक विणलेला चौकोन द्यायचा, त्यावर आपल्या घरचा वसंतातला सण दाखवायचा. सगळे चौकोन जोडून ब्लँकेट करायचं आणि ते गावातल्या वृद्धाश्रमाला द्यायचं. लेकीचा फोन आला, "आई, तू करशील ना? मला साखळीच्या पुढे काही येत नाही." नात मागून ओरडली, "आजी, पाडवा कर! होळी दुसरी मुलगी करणार आहे!"

त्यांच्याकडे वसंत आपल्यापेक्षा लवकर येतो, निदान पंचांगात. १ फेब्रुवारी हा सेंट ब्रिजिडचा दिवस, आणि जुन्या आयरिश हिशेबाने वसंताचा पहिला दिवस. बाहेर तेव्हा कडाक्याची थंडी असते ते सोडा. २०२३ पासून त्या निमित्ताने सुट्टीही मिळू लागली. त्या दिवशी लव्हाळ्याच्या काड्या विणून चार हातांचा क्रूस करतात, आणि गंमत म्हणजे त्याचा मधला भाग चौकोनच असतो. मग १७ मार्चला सेंट पॅट्रिक, आणि पुढे ईस्टर. ईस्टरची तारीख आपल्या सणांसारखी चंद्राच्या मागे धावते. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता आणि ईस्टर २० एप्रिलला. नातीच्या वर्गात कुणी तीन पानांचं शॅमरॉक करत होतं, कुणी रंगीत अंडं, कुणी ससा. त्यात आमची गुढी.

गुढी क्रोशाने करणं किती अवघड आहे ते करून बघा! काठी होते, पण साडी नेसवल्यावर ती बाहुली दिसते. दोन प्रयत्न उसवले. शेवटी ठरवलं, आख्खी गुढी नको, तिचा फक्त गडू घ्यायचा. तोही वरून बघितल्यासारखा, म्हणजे नुसता गोल. मध्ये तांब्याच्या रंगाचा गोल, भोवती कडुलिंबाचा हिरवा, मग झेंडूचा केशरी, आणि कडेने चौकोन.

ज्यांना क्रोशा येत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा चौकोन मधूनच सुरू होतो. पाच-सहा साखळ्या घालून त्यांचं कडं करायचं, त्या कड्यात तीन-तीन खांबांचे घोस भरायचे, आणि चार ठिकाणी दोन-तीन साखळ्या सोडायच्या. त्या चार जागा म्हणजे कोपरे. पुढची प्रत्येक ओळ त्याच कोपऱ्यांत दोन-दोन घोस घालून वाढवत न्यायची. मधला गोल ओळीगणिक आपोआप चौकोनी होत जातो. इंग्रजीत याला 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणतात, म्हणजे आजीचा चौकोन. याची आजवर सापडलेली सर्वांत जुनी छापील कृती १८८५ सालची आहे, अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' नावाच्या शेतकऱ्यांच्या साप्ताहिकातली. उरल्यासुरल्या लोकरीचे तुकडे कसे वापरावेत, असा तो सगळा व्यवहार. गोधडीची सख्खी बहीण म्हणा. कुठल्याही रंगाचा गुंडा संपला तरी अडत नाही, दुसरा लावायचा.

क्रोशा फार पुरातन असावा अशी माझी समजूत होती. तसं नाही. त्याच्या छापील कृती पहिल्यांदा १८२३ च्या सुमारास हॉलंडमधल्या 'पेनेलोपे' नावाच्या मासिकात आल्या, आणि १८०० च्या आधीचा खात्रीचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. म्हणजे आपल्या पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत जन्मलेली ही कला. आमच्या आजोळच्या देवघरातलं क्रोशाचं तोरण बघून मला ते रामायणकाळापासूनचं वाटायचं, हे जाता जाता कबूल करते.

पण मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. चौकोनाचा इतिहास शोधता शोधता मी पुन्हा कॉर्कलाच येऊन पोहोचले.

१८४५ च्या शरदात आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरीब कुळांचं बटाटा हेच जेवण होतं. पुढल्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली, तेवढीच देश सोडून गेली. ज्या भागांत हा कहर होता तिथे काही मठांनी आणि धर्मगुरूंच्या बायकांनी बायामुलींना क्रोशाची लेस शिकवली. कॉर्कच्या ब्लॅकरॉक भागातला अर्सुलाइन जोगिणींचा मठ त्यांत आघाडीवर होता. उत्तरेकडे क्लोन्स नावाच्या गावी कॅसँड्रा हँड या धर्मगुरूच्या पत्नीने १८४७ मध्ये हेच काम सुरू केलं. व्हेनिसची महागडी सुईची लेस करायला महिनोन्‌महिने लागत. तिच्यासारखी दिसणारी लेस क्रोशाने कितीतरी झटपट होई. भांडवल काय, तर सूत आणि एक आकडा. आकडा विकत घ्यायची ऐपत नसेल तर सुईचं टोक वाकवून ती लाकडात बसवायची.

ती लेस करायची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. एक बाई आख्खी लेस करत नसे. एकीने गुलाब करायचे, दुसरीने पानं, तिसरीने शॅमरॉक. मग हे सुटे तुकडे नमुन्यावर मांडून दुसरीच कुणी त्यांच्यामध्ये जाळी विणून सगळं जोडून टाकी. एखाद्या घराण्याचा गुलाब ठरलेला असे आणि तो कसा करायचा हे शेजारणीला सांगत नसत, असं म्हणतात. जोडलेला माल लंडन-पॅरिसच्या पेठांत जाई. घालणारीला कुणाचा गुलाब कुठला, हे कळायचं काही कारण नव्हतं. त्या पैशावर घरं तगली. काहींनी त्यातूनच अमेरिकेच्या बोटीचं भाडं काढलं.

राणी व्हिक्टोरियासुद्धा क्रोशा करायची बरं का. १९०० साली, म्हातारपणी, बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी तिने स्वतः आठ मफलर विणले. ते आठच्या आठ मोजलेले आहेत, कुणाला मिळाले त्यांची नावं नोंदलेली आहेत. असो.

मग हाच हुन्नर मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आला. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर म्हणून गाव आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदामाई तिकडे समुद्राला मिळते, त्या पट्ट्यात. एकोणिसाव्या शतकात तिथे मिशनऱ्यांनी गरीब बायकांना लेस शिकवली आणि पुढे तो मोठा निर्यातीचा धंदा झाला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाई तिथे जाऊन राहिल्या. त्यांचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ मध्ये आलं. माझं शिक्षण सगळं मराठीतून, त्यामुळे शेजारी डिक्शनरी ठेवून, दिवसाला चार पानं अशा गतीने मी ते वाचलं. पद्धत अगदी आयर्लंडसारखीच! कुणी फुलं करते, कुणी जोडते. बायका रोज सहा-सहा, आठ-आठ तास बसायच्या आणि हातात पडायचं ते शेतमजुरीपेक्षाही कमी. व्यापारी, दलाल, निर्यातदार बहुतेक पुरुष. आणि या बायकांना कुणी कामगार म्हणतच नव्हतं. त्या 'गृहिणी', फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या. मीस बाईंचा सगळा मुद्दा हाच, की तो 'फावला वेळ' म्हणून दाखवल्यामुळेच मजुरी इतकी कमी ठेवता आली.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. दोन दिवस उघडलं नाही. आता त्याचं कारण.

मला क्रोशा शिकवला तो माझ्या मोठ्या आत्याने. ती विशीतच विधवा होऊन मिरजेला आमच्याकडे परत आली होती. आमच्या घरातल्या रेडिओवरचा रुमाल, पाण्याच्या पिंपावरचा रुमाल, दारावरची तोरणं सगळी तिची. पण ती झाली घरातली. बाकी ती दिवसभर विणायची ते विकायला. परकराची लेस वारावर जायची. एक दुकानदार पोऱ्या पाठवून दोऱ्याची रिळं द्यायचा आणि शनिवारी लेस मोजून न्यायचा. वार मोजताना तो पोऱ्या लेस जरा ताणायच्या ऐवजी सैल धरायचा, म्हणजे माप कमी भरे. आत्या बघायची आणि गप्प बसायची. त्या पैशातून तिचं औषधपाणी चालायचं, माझी मॅट्रिकची फी तिने भरली, आणि बी.ए.च्या दोन वर्षांची पुस्तकं. वडील म्हणायचे, "तिला बसल्या बसल्या विरंगुळा आहे." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आम्हीही तेच म्हणायचो.

फेब्रुवारी १९८१ मध्ये जनगणना होती. आम्हा शिक्षकांना नेहमीप्रमाणे ड्यूटी लागली. माझ्या वाट्याला आलेल्या गल्ल्यांत आत्याचं बिऱ्हाड होतं. तेव्हा ती माझ्या चुलत भावाकडे राहायची. मी तक्ता घेऊन गेले. ती खिडकीशी बसून विणत होती. दृष्टी अधू झाली होती, बोटांनी चाचपून खांब मोजायची. नाव, वय, शिक्षण लिहून झालं. कामाच्या रकान्याशी आल्यावर मी विचारलं, "आत्या, काम काय लिहू?"

ती म्हणाली, "काम कसलं गं, बाई? घरीच तर असते."

हातातली सुई थांबली नव्हती. मी 'घरकाम' असं लिहिलं. म्हणजे काम न करणाऱ्यांत.

घरगुती उद्योग असा वेगळा वर्ग त्या तक्त्यात होता. वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस काम केलं तर 'मुख्य काम करणारे' असं मांडायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं. मी वर्गात पोरांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' म्हणणारी बाई. जिच्या लेसवर मी शिकले, तिच्यासमोर बसून, तिच्या हाताकडे बघत मी ते लिहिलं. आणि त्या गल्लीत लोकर-दोरा-पापड करणाऱ्या आणखी कितीजणी होत्या, त्यांनाही तसंच. तिने सांगितलं म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला समजावू शकते. पण तिने तसं का सांगितलं, हा प्रश्न त्या दिवशी मला पडलाच नाही. आत्या १९८४ मध्ये गेली.

आता क्रोशाचे दिवस पालटलेत म्हणतात. नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाच्या बायकांनी चाळीस-चाळीस इंचांचे चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट केलं, गिनीज बुकात नोंद झाली. पावणेतीन एकर होतात हो! नंतर ती ब्लँकेटं गरजूंना वाटली. फोटोत बघून ऊर भरून आला. तरी एक गोष्ट सांगून ठेवते. विणकामाची यंत्रं आली, लेसची आली, पण खरा क्रोशा करणारं यंत्र काही दुकानांसाठी माल काढत नाही. तेव्हा तुमच्या नातीने दोनशे-तीनशे रुपयांत क्रोशाचा टॉप आणला, तर तो कुणीतरी हाताने, टाका टाका करत विणलेला असतो. भाव वाचताना हे मनात आणा.

चौकोन झाला. एका कोपऱ्यात एक खांब जास्त पडलाय, तो नातीला दाखवला तर ती म्हणाली राहू दे. पोस्टात घेऊन गेले. परदेशी पार्सलाला कस्टमचा फॉर्म भरावा लागतो. त्यात वस्तूचं वर्णन आणि किंमत असे दोन रकाने. खिडकीवरचा मुलगा चांगला होता. म्हणाला, "आजी, घरीच विणलंय ना? मग भेटवस्तू लिहा, किंमत नाममात्र टाका. दहा रुपये टाका."

मी त्याला जरा थांबायला सांगितलं. उसवलेले दोन प्रयत्न सोडून अकरा तास लागले होते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना तासाचे शंभर पडतात. अकराशे, आणि लोकरीचे साठ. मागे रांग होती, एक गृहस्थ चुळबुळत होते. चष्मा काढला, पुसला, आणि किंमतीच्या रकान्यात लिहिलं: रु. ११६०.

"आजी, एका चौकोनाचे?" तो म्हणाला.

"हो," म्हटलं, "एकाचे. शिक्का मार."