देखणी गल्ली, राहती गल्ली

एका मित्राने मला एक कॅलेंडर भेट दिलं. जगातले बारा देखणे रस्ते, दर महिन्याला एक. मोरोक्कोतल्या शेफशावनची निळ्या भिंतींची पायऱ्यांची वाट, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातली शॅम्बल्स नावाची अरुंद गल्ली, सॅन फ्रान्सिस्कोचा नागमोडी लोम्बार्ड स्ट्रीट, आपल्या पणजीतली फोंतेन्हासची रंगीत घरं. मी एकेक पान उलटत गेलो आणि डिसेंबरपर्यंत आल्यावर लक्षात आलं, की बाराच्या बारा चित्रांत माणूस एकही नाही. छायाचित्रकाराने बहुधा पहाटे उठून, गल्ली जागी होण्याआधीच काम उरकलं असावं.

मंडळी, हे रस्ते कुणी बघावेत म्हणून बांधलेले नव्हते. शॅम्बल्स ही खाटकांची गल्ली. वरचे लाकडी मजले पुढे झुकून जवळजवळ एकमेकांना टेकतात. त्यामुळे खाली ऊन कमी पडायचं आणि मांस लवकर खराब होत नसे. मांस टांगायचे आकडे काही दुकानांवर अजून आहेत. लोम्बार्ड स्ट्रीटचा चढ इतका उभा होता, की वाहनांना तो झेपेना, म्हणून १९२२ मध्ये त्याला आठ वळणं दिली. शेफशावन वसलं १४७१ मध्ये, आणि स्पेनमधून परागंदा झालेले मुसलमान आणि यहुदी पुढे तिथे आसऱ्याला आले. फोंतेन्हासचं नाव टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून पडलं. तिथल्या भिंतींना पावसाळा सरला की नवा रंग द्यायचा रिवाज, कारण कोकणपट्टीचा पाऊस रंग टिकू देत नाही. कुणाला ऊन टाळायचं होतं, कुणाला चढ चढायचा होता, कुणाला डोक्यावर छप्पर हवं होतं. त्या गरजा भागवता भागवता रस्ते देखणे झाले.

आणि मग मला आमचं जुनं नाशिक आठवलं.

नाशिकच्या नावाची एक व्युत्पत्ती 'नवशिखा', म्हणजे नऊ शिखरांचं गाव, अशी सांगतात. शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट अर्थात सगळ्यांना ठाऊक आहे. नावाचं खरंखोटं पंडितांवर सोडू. पण जुनं गाव टेकांवर वसलेलं आहे, हे पायांना कळतं. चित्रघंटा, म्हसरूळ टेक, डिंगर आळी, सोनार आळी असे चढउतार पार करत गल्ल्या गोदावरीकडे उतरतात. म्हणून इथे सरळ रस्ता नाही. दहा पावलांवर वळण, वळणावर देऊळ किंवा दर्गा, नाहीतर पिंपळाचा पार. मोगलाईत या गावाला गुलशनाबाद म्हणत. माझी दादी शेवटपर्यंत तेच नाव घ्यायची आणि शेजारच्या आजी नाशिक म्हणायच्या. दोघी एकाच ओट्यावर बसून मेथी निवडत. गावाच्या नावावरून त्यांचं कधी अडलं नाही.

गल्ल्यांची नावं म्हणजे या गावाचा हजेरीपटच आहे. तांबट लेन, सोनार आळी, सराफ बाजार, भांडी बाजार, दूध बाजार, बोहोरपट्टी, काझीपुरा, कोकणीपुरा, नाईकवाडीपुरा. कोण राहायचं, काय करायचं, कुठून आलं, सगळं नावात. दहीपुलाचंच बघा. आज तिथे उभं राहून पूल शोधाल तर सापडणार नाही. गावातून वाहणाऱ्या सरस्वती नावाच्या ओढ्यावर तो पूल होता आणि तिथे दही विकायला बसत. ओढा पुढे झाकला गेला, वर बाजार आला. नदी मात्र आपली वाट विसरलेली नाही. १९६९ च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला तेव्हा सराफ बाजार पाण्याखाली गेला. तो पूर मी पाहिला नाही, अब्बांकडून ऐकला. नंतरचे २००८ आणि २०१९ चे पूर मात्र डोळ्यांनी पाहिले. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं, यावर नाशिककर पूर मोजतो.

माझं लहानपण एका वाड्यातल्या दोन खोल्यांत गेलं. अब्बांचं पुस्तकबांधणीचं छोटं दुकान होतं. वाडा म्हणजे दगडी जोतं, वर विटा-मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, दारावर कोरलेली गणेशपट्टी, आत चौक. रस्त्याच्या बाजूला ओटा. या ओट्यावर माझं विशेष प्रेम आहे. तो घराचा असतो आणि गल्लीचाही असतो. भाजीवाली तिथे पाटी टेकवते, पोस्टमन घाम पुसतो, म्हातारी माणसं संध्याकाळ काढतात. बसण्यासाठी कुणी परवानगी विचारत नाही. मी पहिली कविता अशाच एका ओट्यावर लिहिली. ती वाईट होती. ओटा चांगला होता.

दिवाळीच्या किंवा ईदच्या आधी अम्मी मला पातेली देऊन कल्हईला पिटाळायची. भाता चालायचा, नवसागराचा धूर नाकात जायचा आणि काळवंडलेलं भांडं कापडाच्या एका फेऱ्यात चांदीसारखं उजळायचं. तांबट लेनमध्ये तर शिरण्याआधीच गल्ली ऐकू यायची. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके मारत जायचं, त्याला मठारणं म्हणतात. त्याने पत्रा घट्ट होतो आणि अंगावर ते चमकते ठिपके उमटतात. नक्षी वाटते ती खरं तर मजबुती असते. नाशिकच्या तांब्यापितळेच्या कामाचा लौकिक १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही नोंदवला आहे. यात्रेकरू गोदावरीचं पाणी तोंड बंद केलेल्या गडूत भरून घरी नेत, म्हणजे तांबटाची हातोडी आणि रामकुंडावरची श्रद्धा एकाच बाजारात पोट भरत होत्या. स्टेनलेस स्टील आलं आणि ते ठोके विरळ झाले.

पण या गल्ल्यांचं खरं नवल रंगपंचमीला कळतं. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन, पंचवटीतला शनी चौक अशा ठिकाणी रस्त्याच्या पोटात दगडी बांधणीचे हौद आहेत. त्यांना रहाड म्हणतात. पेशवाईपासूनची ही चाल सांगतात. वर्षभर रहाडीवर जाड लाकडं टाकून, माती लोटून रस्ता केलेला असतो. त्यावरून सायकली, हातगाड्या, रिक्षा जातात. रंगपंचमी आली की माती उपसायची, लाकडं काढायची, पूजा करायची आणि फुलापानांपासून उकळून काढलेल्या रंगाचं पाणी भरायचं. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग पोरं काठावरून उडी घेतात, तिला म्हणतात 'धप्पा'. मी दहा वर्षांचा असताना असा एक धप्पा मारून घरी गेलो. अम्मीने मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि ओट्यावर दोन घागरी ओतल्या. रंग आठवडाभर गेला नाही. शुक्रवारी मशिदीत शेजारचे चाचा माझ्या कानामागे बघून हसले, एवढंच. कुठल्या देखण्या रस्त्याच्या पोटात असा सण पुरून ठेवलेला असेल?

इथवर मी जे सांगितलं ते कॅलेंडरात शोभेल असं आहे. पण इतिहास सांगायचा तर त्याच गल्लीच्या दुसऱ्या बाजूनेही चालायला हवं.

पंचवटीतल्या काळाराम मंदिराकडे जाणारे रस्ते घ्या. काळ्या पाषाणाचं ते मंदिर, भोवती जुने वाडे. चित्र म्हणून काही कमी नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या रस्त्यांवरून शांतपणे मंदिराकडे गेली आणि मंदिराची दारं बंद झाली. दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिककर कार्यकर्ते या सत्याग्रहात पुढे होते. ९ एप्रिलला रथ सगळ्यांनी मिळून ओढायचं ठरलं होतं. ते मोडलं आणि दगड आले. सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. येवलं याच जिल्ह्यातलं. आपण ज्या फरसबंदीचं कौतुक करतो, तिच्यावर शेवटपर्यंत चालत जायची मुभा सगळ्यांना नव्हती, हे विसरून रस्त्याला सुंदर कसं म्हणायचं?

दुसरी तारीख २७ ऑगस्ट २००३. सिंहस्थाचं शाही स्नान. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. त्या दिवशी मी माझ्या लाडक्या गल्ल्यांकडे पहिल्यांदा भीतीने पाहिलं. रुंदीकरणाची मागणी करणाऱ्यांना अरसिक म्हणणं सोपं आहे. ज्याचं माणूस त्या उतारावर गेलं त्याला तसं म्हणून दाखवा.

तिसरी गोष्ट तारखेची नाही, दर पावसाळ्याची आहे. जुने वाडे पडतात. आमच्या वाड्याला वाटेकरी सतरा आणि आमचं भाडं अठरा रुपये. तेवढ्यात कौलंही बदलून होत नव्हती आणि सतरांच्या सह्या एका कागदावर कधी आल्या नाहीत. एका श्रावणात रात्री भिंतीतून माती झरल्याचा आवाज अब्बांनी ऐकला. आम्हाला उठवून बाहेर काढलं आणि पहाटे मागची भिंत बसली. आमची पातेलीसुद्धा वाचली. वाडा वाचला नाही. आता तिथे चार मजली इमारत आहे. तिला ओटा नाही. गोदाकाठच्या काझी गढीची कथा याहून मोठी. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या मातीच्या गढीत उत्खनन केलं, तेव्हा प्राचीन काळापासून मराठेशाहीपर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक मिळाले. त्या थरांवर आजच्या काळातही माणसं राहत आली, आणि पावसाळ्यात कडा ढासळू लागला की त्यांना घरं सोडा म्हणून सांगण्यात येतं. इतिहास पायाखालून सरकतो म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मग काय राखायचं? मला वाटतं, दर्शनी भागाला रंग देऊन आतली माणसं कॉलनीत पाठवली, तर गल्ली राखली असं होत नाही. अहमदाबादच्या पोळांना २०१७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तिथे जुन्या घराचा मालक आपल्या वाट्याचा जादा बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकू शकतो आणि त्या पैशात घराची डागडुजी करू शकतो. असं काही आपल्याकडेही मनापासून व्हायला हवं. गर्दीला मोकळी वाट आणि राहणाऱ्याला सुरक्षित भिंत आधी, मग नक्षीदार खांब. भिंत टिकली तरच खांब टिकतो, हे आम्ही एका श्रावणात शिकलो.

गेल्या आठवड्यात ते कॅलेंडर काखेत मारून मी तांबट लेनकडे गेलो. ओळखीचे एक वृद्ध कारागीर ओट्यावर बसले होते. त्यांना बारा रस्ते दाखवले. त्यांनी चष्मा वर करून एकेक पान नीट पाहिलं, कॅलेंडर परत दिलं आणि विचारलं, "छान आहे हो, पण इथे बसायचं कुठे?" मग थोडं सरकून त्यांनी मला जागा करून दिली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)