तापमापकाच्या सावलीची कुळकथा

मे महिन्यात बऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाज्यापाशी भर दुपारी उघड्या उन्हात तापमापक धरला, तर पारा पन्नाशी सहज गाठतो. त्या दिवशीचा अधिकृत आकडा मात्र चाळिशीतच असतो. मग बऱ्हाणपुरापासून भुसावळपर्यंत सरकारी आकड्यावर संशय घेतला जातो. हा संशय चुकीचा आहे.

उन्हातला तापमापक हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगतो. त्याचा पाऱ्याचा फुगा ऊन शोषतो आणि भोवतीच्या हवेपेक्षा तापतो. वारा पडला की ही जास्तीची उष्णता वाहून नेणारे कुणी उरत नाही. शिवाय जमिनीची आणि भिंतींची धग लागते ती वेगळीच.

म्हणून तापमापकाला सावली द्यावी लागली. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या वेधशाळांत त्यासाठी गवताने शाकारलेले मोकळे मांडव असत. नंतर त्यांची जागा लाकडी पेटीने घेतली. तिचे जनक थॉमस स्टीव्हन्सन हे स्कॉटलंडचे, दीपगृहे बांधणाऱ्या घराण्यातले अभियंते. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे पुत्र. 1864 च्या सुमारास थॉमस यांनी मांडलेल्या रचनेत मला फार मोठी बुद्धी दिसते. पांढरा रंग ऊन परतवतो. जुन्या वाड्याच्या झडपांच्या खिडकीसारख्या तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी भिंती किरण अडवतात, वारा मात्र आत घेतात. आपल्याकडे पेटीचे दार उत्तरेला असते, म्हणजे नोंद घेताना ऊन थेट फुग्यावर येत नाही. आत चार तापमापक: कोरडा, ओला, कमाल आणि किमान.

तरी निवांत, बिनवाऱ्याच्या दुपारी पेटीही तापते. यावर जर्मनीत रिशार्ड आसमान यांनी पंख्याने फुग्यावरून हवा खेचणारे उपकरण केले.

उंच आकाशात तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. तिथे ऊन प्रखर आणि हवा विरळ, त्यामुळे उपकरण थंड राहत नाही. फ्रान्सचे लेओं तेसराँ द बोर यांनी उपकरणे बांधून आकाशात सोडलेल्या फुग्यांना सुमारे 11 किलोमीटरवर तापमान घसरायचे थांबलेले दिसले. हा उन्हाचाच खेळ असेल, या शंकेने त्यांनी रात्री फुगे सोडले. निष्कर्ष टिकला आणि 1902 साली त्यांनी तो जाहीर केला. तापमान न घसरणाऱ्या त्या थराचा, म्हणजे स्थितांबराचा, शोध असा लागला. स्वतःच्या आकड्यावर एवढा अविश्वास दाखवणारा हा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

आज पाऱ्याऐवजी विजेवर चालणारे संवेदक आले, पण सावधगिरीची गरज संपलेली नाही. मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि बातमी देशभर झाली. हवामान विभागाने संवेदकातला बिघाड सांगून तो आकडा नाकारला.

शाळेत किंवा केळीच्या बागेत तापमापक लावणार असाल, तर तो पत्र्यापासून आणि भिंतीपासून दूर, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, वारा खेळेल अशा सावलीत लावा. मगच त्याचा आकडा वहीत लिहा.